नदी डाव्या हाताला

खोली भाड्यानं देताना घरमालक काय विचारतो? नोकरी कुठं, लग्न झालं का, मटण खाता का. या माणसानं मला दारातच विचारलं, "टोकदार कमान आन् अर्धगोल कमान, बाजूच्या भिंतीले कमी कोणती रेटते?" माझ्या पाठीवर सॅक, हातात बादली, डोक्यावर मे महिन्याचं ऊन. म्हटलं, सर, आधी पाणी द्या. "पाणी भेटंल. उत्तर?" मी तुमसरची, सिव्हिलचा डिप्लोमा केलेली, असल्या तोंडी परीक्षेला भिणारी नव्हे. "टोकदार," म्हटलं. त्यांनी आत वळून हाक दिली, "अवो, पोरगी पास झाली. चहा ठेवा!"

गाव पवनीच्या बाजूचं, वैनगंगेच्या काठावरचं. नाव सांगत नाही. सांगितलं तर तिथली माणसं भांडायला येतील, आणि भांडण्यात मी कमी नसले तरी आता तेवढा वेळ नाही. तिथल्या नगरपंचायतीत मी कंत्राटी इंजिनिअर म्हणून लागले होते. अकरा महिन्यांचा करार, पुढं वाढला तर वाढला, नाही तर सामान बांधा आणि चला.

घरमालक म्हणजे गावच्या शाळेतले निवृत्त ड्रॉइंग मास्तर. सारं गाव त्यांना 'सांतो मास्तर' म्हणायचं. पहिले दोन दिवस मला वाटलं, संतपणाचं काही असेल. कसलं काय! तिसऱ्या दिवशी मी अंघोळीला निघाले तर मास्तर म्हणतात, "हॉस्पिटलच्या अवशेषाईत जाऊन राहिली का? जरा जपून, तिकडचं छत पडलं हाय." न्हाणीघराला अर्धंच छत होतं, आणि मास्तरांच्या लेखी ते सांतो डोमिंगोचं जुनं हॉस्पिटल होतं.

सांतो डोमिंगो म्हणजे कॅरिबियन समुद्रातल्या बेटावरचं शहर. स्पेनची माणसं त्या बाजूला पोचली तेव्हा अगदी सुरुवातीला त्यांनी वसवलेलं. सरळ एकमेकांना छेदणाऱ्या गल्ल्या, नदीच्या तोंडाशी दगडी किल्ला, कोलंबसाच्या मुलाचा वाडा, त्या खंडातलं पहिलं कॅथेड्रल. हे मला तेव्हा काही माहीत नव्हतं. मास्तरांना मात्र घराघरासकट माहीत होतं, आणि मास्तर उभ्या जन्मात नागपूरच्या पुढं गेले नव्हते.

घरातल्या प्रत्येक खोलीला तिकडचं नाव. स्वयंपाकघर म्हणजे अल्काझार, म्हणजे तो वाडा, कारण तिथं काकूंचं राज्य. मधला बोळ म्हणजे बायांची गल्ली. तिकडं खरोखरच तशा नावाची गल्ली आहे, जुन्या काळी मोठ्या घरच्या बायका तिथून फिरायला जायच्या म्हणे. माझी कोपऱ्यातली खोली किल्ला. अंगणात एक खांब रोवून त्यावर उन्हाचं घड्याळ केलेलं, कारण तिकडं गव्हर्नरच्या कचेरीसमोर तसं घड्याळ आहे. ते घड्याळ वीस मिनिटं मागं चालायचं. मी सांगितलं तर म्हणाले, "सूर्याले घाई नाही, तुले काहून हाय?"

काकू या सगळ्याला सरावल्या होत्या. "तिकडच्या शहराची वीट पडली तं याईले जेवन नाही जात," त्या मला सांगायच्या, "आन् आपल्या न्हाणीचं छत गळून राहिलं, ते यायच्यासाठी अवशेष! अवशेष झाडायले मी हावो ना!" पण पाहुणा आला की याच काकू पदर सावरून म्हणायच्या, "बसा, मी अल्काझारातून पाणी आनते." मला हसू आवरायचं नाही.

हे वेड लागलं कसं, तर तरुणपणी नागपूरला ड्रॉइंगचा कोर्स करताना एका सरांनी त्यांना एक परदेशी पुस्तक एका दुपारपुरतं हाताळायला दिलं. जुन्या शहरांच्या बांधकामावरचं. याच्या आधी या पोरानं चांगली इमारत म्हणजे भंडाऱ्याची कचेरी पाहिलेली. त्यानं जेवण सोडलं, त्या शहराचा नकाशा आरपार दिसणाऱ्या बटर पेपरवर पेन्सिलीनं उतरवला, इमारतींची नावं आणि माहिती वहीत लिहून घेतली, आणि पुस्तक परत केलं. घरी येऊन तो नकाशा जाड कागदावर छापला, शाईनं गिरवला, वहीतली नावं वर भरली. तोच नकाशा बैठकीत लावलेला होता. पुढं नोकरी लागल्यावर चौकटी आखून त्यांनी तो शाळेच्या मैदानातल्या भिंतीवर केवढा तरी मोठा रंगवला. गावातल्या दोन पिढ्यांनी ड्रॉइंगच्या तासाला ताजमहाल काढला नाही, सांतो डोमिंगो काढलं.

पण नुसतं काढून सुटका नव्हती. पोरानं कॅथेड्रल दाखवलं की मास्तर विचारायचे, "दगड कोणं वाह्यला?" पोरगं म्हणायचं, राजानं बांधलं. "राजानं एक तरी गोटा उचलला का बे? दगड कोणं वाह्यला?" मग सांगायचे की त्या बेटावरच्या मूळ माणसांना जुंपलं, ती मेली, मग समुद्रापलीकडून साखळ्या घालून माणसं आणली, त्यांना जुंपलं. ते सुंदर शहर त्यांच्या पाठीवर उभं आहे आणि त्यांची नावं कुठंच लिहिलेली नाहीत. हे सांगताना त्यांचा आवाज चढायचा. "शहरावर जीव लावा," म्हणायचे, "पण हे इसरून नाही." आमच्या ऑफिसच्या कोनशिलेवर अकरा पदाधिकाऱ्यांची नावं आहेत, तिच्यासमोर उभं राहूनही त्यांनी मला हाच प्रश्न विचारला होता. मी म्हटलं, सर, ठेकेदाराला विचारून सांगते.

आता माझा पहिला गुन्हा. एका रविवारी सहज मोबाईलवर त्या शहराचा नकाशा उघडला. म्हटलं, बघू तरी यांची बायांची गल्ली. सापडली. किल्ला सापडला, कॅथेड्रल सापडलं. फक्त मास्तरांच्या नकाशात नदी डाव्या हाताला होती, आणि मोबाईलमध्ये उजव्या. मला वाटलं मोबाईल उलटा धरला. फिरवून पाहिला, तीनदा पाहिला. नदीच नाही, सारं शहरच आरशातल्यासारखं पालटलेलं. मी बैठकीत गेले तेव्हा मास्तर त्या नकाशावरची धूळ पंच्यानं टिपत होते, लहान लेकराचं तोंड पुसावं तसं. एरवी माझी जीभ हातभर लांब, पण तेव्हा मी मोबाईल गुपचूप खिशात टाकला. म्हटलं, जाऊ दे, इथून कोण तिकडं जाणार आहे नदी बघायला!

त्याच वर्षी दिवाळीनंतर गावच्या मोठ्या दरवाज्याचा विषय निघाला. मोठा दरवाजा म्हणजे जुन्या परकोटाची, गावाभोवतीच्या तटाची, वेस. परकोट केव्हाच गेला, खंदक बुजला, ही एक कमान तेवढी उभी. तिच्या रस्त्याकडच्या अंगाला वरून खालपर्यंत भेग गेलेली, बोट जाईल एवढी. धानाच्या हंगामात हार्वेस्टर तिच्यातून जात नाही म्हणून शेतकरी आधीच वैतागलेले. ऑफिसनं मला पाहणी करायला सांगितलं. मी गेले, भेग मोजली, फोटो काढले आणि अहवाल लिहिला: बांधकाम धोकादायक, उतरवून घेणे योग्य. काम अर्ध्या तासात आटोपलं. दरवाज्याच्या आतल्या अंगाला, शाळेच्या मागं, गोठा आणि कमानीपर्यंत रचलेली तणस होती, धानाचा वाळका पेंढा नुसता. तिकडं कोण जाणार!

मास्तरांना कळलं तेव्हा ते माझ्यावर चिडले नाहीत. हे जास्त वाईट. म्हणाले, "मीटिंगमध्ये मले पाच मिनिटं भेटतीन का?" मी अध्यक्षांना विचारून मिळवून दिली. मास्तर इस्त्रीचा शर्ट घालून आले, बैठकीतला नकाशा गुंडाळून काखेत. टेबलावर तो पसरून सांगू लागले की तिकडचं हॉस्पिटल वादळात मोडलं, तरी उरलेल्या कमानी लोकांनी ठेवल्या, आज त्यात पारवे राहतात आणि जगभरची माणसं बघायला येतात. शहराच्या वेशी राखून गाड्यांना बाजूनं वाट दिली. आपणही बुजलेल्या खंदकावरून वाट काढू. चांगलं बोलत होते, सदस्य ऐकत होते, अध्यक्षांनी चहाचा कप खाली ठेवला होता.

तेवढ्यात एका तरुण मेंबरनं मोबाईल वर केला. मास्तरांचाच जुना विद्यार्थी, गोठा आणि तणस याचीच. "मास्तर, नदी उलटी हाय!"

"काय?"

"हे पहा ना. तिकडं नदी उजव्या हाताले हाय. तुमचं सारं शहरच उलटं हाय! आन् मास्तर, सातवीत मी नदी उजवीकडं काढली होती. तुम्ही मले तासभर अंगठे धरून उभं केलं होतं!"

सगळी सभा हसली. हसण्यात वाईटपणा नव्हता, गावातलं हसणं होतं, पण थांबेचना. मास्तरांनी मोबाईल हातात घेतला, डोळ्यांजवळ नेला, लांब नेला. मग नकाशा गुंडाळला आणि "माफ करा" म्हणून निघून गेले. ज्याला आपली नदी कुठं हे माहीत नाही तो आम्हाला दरवाजा शिकवतो, असं कुणीतरी म्हणालं. ठराव झाला. शनिवारी मशीन येणार. त्या दिवशी मंगळवार होता.

बैठकीतली भिंत रिकामी झाली. दुसऱ्या दिवशी काकू माझ्या खोलीत आल्या, डोळे भरलेले. "बाई, हे मले म्हणे, स्वयंपाकघरातून पाणी आना. स्वयंपाकघर म्हणे वो! चाळीस वर्षांत पहिल्यांदा. माह्या आंगावर काटा आला." मला रडू फुटलं. मी तशीच उठून मास्तरांसमोर जाऊन उभी राहिले आणि सांगून टाकलं की मला हे आधीच माहीत होतं.

"मंग सांगितलं काहून नाही?"

"तुम्हाला वाईट वाटलं असतं, सर."

त्यांनी पहिल्यांदा माझ्याकडं रागानं पाहिलं. "इंजिनेर हायेस ना तू? भिंतीले भेग दिसली, आन् भिंतीले वाईट वाटंल म्हून सांगत नाहीस?"

मी मान खाली घालून परत आले. आयुष्यात अनेकांनी मला सुनावलं असेल, पण एवढं बरोबर कुणी सुनावलं नव्हतं.

गुरुवारी सकाळी ऑफिसला निघाले तर मास्तर खिडकीशी उभे. हातात पिवळा पडलेला बटर पेपर, तो चाळीस वर्षांपूर्वीचा, पत्र्याच्या नळीतून काढलेला. काचेवर धरलेला. उन्हात त्या पेन्सिलीच्या रेघा स्वच्छ दिसत होत्या.

"पोरी, इकडं ये. नदी कुठी हाय?"

"उजव्या हाताला, सर."

"कागद खरा होता!" त्यांनी नदीच्या रेघेवर बोट टेकवलं. "घरी आल्यावर मी तो पालथा ठेवून चमच्यानं घासला. छाप उलटा येते हे मी पोराईले जन्मभर शिकवलं, आन् स्वतःच घाईघाईत इसरलो. नावं वहीत होती म्हून अक्षरं सरळ आली, नाही तं तवाच समजलं असतं. शहर बराबर होतं, मी दुसऱ्या बाजूनं पाहून राहिलो होतो." मग कागद खाली घेतला, माझ्याकडं वळले. "दरवाजा तू कोण्या बाजूनं पाहिला?"

"रस्त्याच्या."

"आन् दुसऱ्या?"

"तिकडं तणस आहे, सर."

मास्तर पायात चपला घालू लागले. मला वाटलं थेट दरवाज्याकडं. पण ते गेले त्या तरुण मेंबरच्या घरी, मी मागं मागं. तो अंगणात दात घासत होता. मास्तरांनी खिशातून वहीचा कागद काढून त्याच्या हातात दिला. त्यावर त्यांच्या त्या सुबक अक्षरात लिहिलं होतं: 'नदी बरोबर. दहापैकी दहा.' खाली सही. "सातवीचे मार्क होत तुह्ये," म्हणाले. "द्यायले उशीर झाला. अंगठे धरायले लावले, माफ कर बाप्पा." एवढा धिप्पाड माणूस, तोंडात ब्रश, उभ्या उभ्या विरघळला. "सर, असं कायले करून राहिले जी... मी तं मस्करी केली होती." कागद भिजू नये म्हणून त्यानं हात वर धरला होता.

दरवाज्याचं नावही मास्तरांनी काढलं नाही. त्यानंच मला विचारलं, बाई, तुम्ही कशा काय आल्या? मी म्हटलं, तुमची तणस हलवायची आहे, आजच, आणि माझा अहवाल चुकीचा असू शकतो. त्यानं चूळ भरली आणि ट्रॅक्टर काढला.

दुपारपर्यंत ट्रॉल्या भरून तणस निघाली. एक धामण निघाली, चार शिव्या निघाल्या, आणि मागून कमान निघाली. चपट्या जुन्या विटा, सांध्यांत पांढरा चुना, वरपासून खालपर्यंत अखंड. भेगेचं नाव नाही. मी हातोडीनं ठोकत गेले, सगळीकडं भरीव आवाज. मग रस्त्याकडच्या बाजूला आले आणि ठोकलं, तर पोकळ, पापडासारखं. कुणीतरी कधीतरी जाहिराती रंगवायला त्या अंगावर सिमेंटचा जाड गिलावा चढवला होता. आतल्या ओलीनं तो सुटला आणि तडकला. मी एक पट्टा फोडून काढला. भेग गिलाव्यातच संपली होती. आतली वीट ओली होती, कडा झिजल्या होत्या, पण सांधा पक्का. ऊन, धूळ, डोळ्यांत सिमेंटची पूड, आणि मी तिथं त्या विटेला हात लावून वेड्यासारखी हसत होते.

शुक्रवारी मी दुसरा अहवाल दिला. अध्यक्षांनी चष्म्यावरून पाहिलं. "बाई, मंगळवारी धोकादायक, शुक्रवारी मजबूत?" माझा करार उन्हाळ्याच्या तोंडाशी संपत होता आणि तो वाढवणारे हेच. म्हटलं, "साहेब, पहिला अहवाल चुकला. मी एकाच बाजूनं पाहिलं होतं." कुणी हसलं नाही. तरुण मेंबर उठला, म्हणाला, हार्वेस्टरसाठी खंदकावरून वाट करू, माझा गोठा मी मागं घेतो. मशीन रद्द झालं. करारही पुढं वाढला, कसा ते त्यांनाच ठाऊक.

दुरुस्ती चुन्यातच करायची हा मास्तरांचा हट्ट. एक म्हातारा मिस्त्री शोधून आणला, ज्याला जुनी रीत येत होती. चुना महिनाभर भिजवून मुरवायचा, त्यात विटांची भुकटी, बेलफळाचं पाणी आणि गूळ. मास्तर रोज खुर्ची टाकून बसायचे. शेवटच्या दिवशी अध्यक्षांच्या माणसानं नावांची पाटी कुठं लावायची ते विचारलं. मास्तरांनी मिस्त्रीचा हात धरला आणि आतल्या अंगाच्या ओल्या चुन्यावर त्याचा पंजा दाबला. "ही लावली पाटी," म्हणाले.

घरी अल्काझार परत आलं. नकाशाही परत भिंतीवर, पण तोच, उलटा. मी म्हटलं, सर, नवा काढा ना बरोबर. तेव्हा मास्तर गालात हसले. "वहीत पाहिलं मी. पहिलं शहर नदीच्या दुसऱ्याच काठावर होतं. वादळानं मोडलं, मंग इकडं आनलं. तवा नदी डाव्याच हाताले होती. म्हंजे मी काही लय नाही चुकलो." काकू आतून ओरडल्या, "चुकलो म्हना जी सरळ!"

आता मी साकोलीला असते. गेल्या महिन्यात मुद्दाम त्या गावी गेले. मास्तर थकलेत, डोळ्यांनी कमी दिसतं, पण मला हाताला धरून शाळेत घेऊन गेले. मैदानातल्या भिंतीवर ते मोठं शहर अजून तसंच, नदी डाव्या हाताला. शाळा म्हणत होती, पुसून सुलटं काढू. मास्तरांनी काढू दिलं नाही. त्याऐवजी खालच्या कोपऱ्यात थरथरत्या अक्षरात लिहिलंय: 'चित्र पालथे पडले आहे. बरोबर पाहण्यासाठी भिंतीच्या मागे जावे.'

"जा," मला म्हणाले.

"सर, मागं काय आहे?"

"जाऊन पाह्य ना. विचारून काय राहिली!"

मधली सुट्टी झाली होती. चौथी-पाचवीच्या दोन मुली माझ्या आधीच भिंतीला वळसा घालून पळाल्या. मी साडी सावरत त्यांच्या मागं. भिंतीमागं रंग नव्हता, रेघ नव्हती. गवत, एक बाभूळ, आणि समोर मोठा दरवाजा, पहिल्या पाहणीत ज्या बाजूनं मी तो पाहिला नव्हता त्या बाजूनं. कमानीत ऊन आलं होतं आणि तिच्याखालून एक बाई डोक्यावर भारा घेऊन येत होती.

"अवो, हा तं आपला दरवाजा होय!" एक मुलगी दुसरीला म्हणाली.

भिंतीच्या पलीकडून मास्तरांचा आवाज आला, "दिसलं का?"

"दिसलं, सर," मी म्हटलं.